मूळ मातीचा सामना (भाग ७) : रोहित शर्मा कुणाचा?

आज रग्बी लीगमधल्या सहा पकडींचं गणित मांडायचं ठरलं होतं. ते पुढं ढकलतो. तिरोड्याच्या एका निवृत्त गुरुजींचं पोस्टकार्ड आलं आणि माझा सगळा आठवडा त्यानंच खाल्ला. ते लिहितात : "सिडनीला गेलेली आपली पोरं क्वीन्सलँडनं एका सामन्यापुरती परत आणली, इथवर समजलं. मग त्याच नियमानं विदर्भ विरुद्ध मुंबई सामना ठेवला, तर रोहित शर्मा कुणाकडून खेळणार? पोट्टा तर नागपूरचा होय!"

गुरुजींचं म्हणणं खोटं नाही. रोहितचा जन्म ३० एप्रिल १९८७चा, नागपुरातला. नागपुरात चहाच्या टपरीवर क्रिकेटचा विषय निघाला की पाचव्या मिनिटाला हा दाखला पुढं येतोच. पण ज्या नियमाच्या जोरावर ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यानं १९८० साली रग्बी लीगमध्ये सिडनीच्या न्यू साउथ वेल्सला २०-१० असं लोळवलं, तो नियम जन्मदाखला मागत नव्हता. त्याचा सवाल होता, मोठ्या गटातला पहिला सामना तू कुठं खेळलास?

हा फरक केवढा मोठा आहे, ते दोन नावांवरून कळेल. पीटर स्टर्लिंगचा जन्म क्वीन्सलँडमधल्या टूवूम्बाचा, आणि निळी जर्सी घालून तो न्यू साउथ वेल्सकडून खेळला. ग्रेग इंग्लिस जन्मानं न्यू साउथ वेल्सचा, आणि क्वीन्सलँडच्या मरून जर्सीतला तो सर्वांत धोकादायक खेळाडूंपैकी एक. इंग्लिसवरून सिडनीवाले वर्षानुवर्षं चरफडत राहिले. शेवटी २०१२ पासून नियम घट्ट झाला : जन्म तिथला हवा, नाहीतर वयाच्या तेराव्या वाढदिवसाआधी तिथं राहिलेला हवा. म्हणजे तिकडेही जन्म हा एकच पुरावा धरत नाहीत. पोरपण कुठं गेलं, हेही विचारतात.

आता आपल्याकडं या. आपल्या भागात पहिलं बाळंतपण माहेरी होतं. आमगाव-सालेकसा पट्ट्यातल्या कितीतरी घरांत सुना बालाघाटच्या, डोंगरगडच्या, राजनांदगावच्या. जन्मदाखल्यावर संघ पाडायचे ठरवले, तर गोंदिया जिल्ह्यातली निम्मी पोरं मध्य प्रदेश आणि छत्तीसगडकडून खेळतील, आणि तिकडची निम्मी आपल्याकडून. शिवाय हा काही हवेतला विचार नाही. छत्तीसगडचा स्वतंत्र रणजी संघ २०१६-१७ पासून आहे. ज्या समाजात मूल आजोळी जन्मतं, तिथं जन्मगाव म्हणजे मामाच्या गावचा पत्ता.

दिवाळीनंतरच्या मंडईत कबड्डीचे सामने ज्यांनी पाहिलेत, त्यांना हा तंटा नवा नाही. रात्री दंडार, दिवसा कबड्डी, आणि तिसऱ्या-चौथ्या सामन्याला हमखास ओरड : "हा पोरगा गावचा नाही!" मग आयोजक, पंच आणि चार जाणते एका कोपऱ्यात जमतात. भाचा चालतो का? जावई चालतो का? जावयावर तर मी मध्यरात्रीपर्यंत भांडणं ऐकली आहेत. सासरच्या संघाकडून खेळणाऱ्या जावयाला पाडायला त्याच्या स्वतःच्या गावची पोरं दुप्पट जोर लावतात. पण जाणती माणसं निकाल देताना बहुतेक वेळा एकच विचारतात : "शाळा कुठं शिकला?" ऑस्ट्रेलियातल्या नियमकर्त्यांना २०१२ साली जे सुचलं, ते आपल्या मंडईतल्या म्हाताऱ्यांना आधीपासून ठाऊक आहे.

हाच प्रश्न रोहितला विचारू. बालपणी तो बोरिवलीला आजी-आजोबा आणि काकांकडं वाढला. प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला हेरलं आणि स्वामी विवेकानंद शाळेत आणलं. पहिलं मैदान बोरिवलीचं, रणजी संघ मुंबईचा. नियम लावला की रोहित मुंबईचा, यात शंका नाही. नागपूरनंही त्याला काही सहज जवळ केलं नाही. फेब्रुवारी २०१०, नागपूरच्या जामठा मैदानावरची दक्षिण आफ्रिकेविरुद्धची कसोटी. लक्ष्मण जायबंदी म्हणून रोहितचं पदार्पण ठरलेलं. सामन्याच्या सकाळी सरावातला फुटबॉल खेळताना तो वृद्धिमान साहावर आदळला, घोटा मुरगळला, आणि पदार्पण झालं ते साहाचं. रोहितला कसोटीची टोपी मिळाली थेट नोव्हेंबर २०१३ मध्ये कोलकात्याला, आणि तिथं त्यानं १७७ केल्या. जामठ्यावरचं त्याचं कसोटी शतक आलं फेब्रुवारी २०२३ मध्ये, ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२०. टाळ्या आपण वाजवल्या, पण हिशेबात ते शतक मुंबईचं.

गुरुजी, नाराज होऊ नका. याच नियमानं अजिंक्य रहाणेही मुंबईलाच जातो. त्याचा जन्म संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा, म्हणजे जन्मावर गेलो तर तो रणजीतल्या 'महाराष्ट्र' संघाचा. पण क्रिकेट शिकला डोंबिवलीत. आणि हाच नियम आपल्या पदरात टाकतो उमेश यादव. त्याचे वडील उत्तर प्रदेशातून वलनीच्या कोळसा खाणीत कामाला आलेले. घराण्याचं मूळ विचारलं तर उमेश उत्तर प्रदेशचा. पण तो टेनिस बॉलवर सुसाट गोलंदाजी शिकला ती खापरखेड्याच्या आसपासच्या मैदानांवर. लेदरचा चेंडू त्याच्या हातात आला तोच मुळी विशीच्या उंबरठ्यावर. २००८ मध्ये विदर्भाकडून प्रथम श्रेणीचा पहिला सामना, २०११ मध्ये भारताची कसोटी टोपी. विदर्भाच्या रणजी संघातून कसोटीपर्यंत पोचलेला तो पहिला. जन्म आणि कूळ धरून बसलो असतो तर रोहित मिळाला असता, उमेशवर मात्र वाद झाला असता. मी उमेश घेतो.

या नियमाची खरी मजा पाहायची तर २०२५चा रणजी अंतिम सामना काढावा लागेल. जामठा, २६ फेब्रुवारी ते २ मार्च, विदर्भ विरुद्ध केरळ. विदर्भाकडून करुण नायर : घर मल्याळी, जन्म जोधपूरचा, क्रिकेट बंगळुरूचं, आणि त्या वर्षी जर्सी विदर्भाची. केरळकडून आदित्य सरवटे : पक्का नागपूरकर. २०१८-१९ च्या अंतिम सामन्यात सौराष्ट्राचे ११ बळी घेऊन, चेतेश्वर पुजाराला १ आणि ० वर बाद करून, विदर्भाला दुसरं अजिंक्यपद मिळवून देणारा हाच सरवटे, त्या वर्षी पाहुणा खेळाडू म्हणून केरळच्या गोटात. मल्याळी घरातला फलंदाज केरळविरुद्ध ८६ आणि १३५ करतो; नागपूरचा डावखुरा आपल्याच मैदानावर विदर्भाविरुद्ध ७९ करतो; आणि दुसऱ्या डावात नायर यष्टिचित होतो तो सरवटेच्याच चेंडूवर. पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाला मिळाला.

केरळ अंतिम सामन्यात आलं तेही सरवटेच्याच हातून, ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. अहमदाबादची उपांत्य लढत. केरळच्या ४५७ ला उत्तर देताना गुजरात नऊ बाद ४५५. सरवटेच्या चेंडूवर नागवासवालानं जोरात फटका मारला, चेंडू शॉर्ट लेगला उभ्या असलेल्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आपटला आणि उडून स्लिपमधल्या सचिन बेबीच्या हातात गेला. आघाडी दोन धावांची, आणि केरळ पहिल्यांदा रणजीच्या अंतिम फेरीत.

सरवटे हे नाव निघालं की जुन्या लोकांना दुसरा सरवटे आठवतो. चंदू सरवटे, जन्म सागरचा, १९२०. सागर तेव्हा मध्य प्रांतात, आणि आपला गोंदियाही त्याच प्रांतात. पोरसवदा वयात तो मध्य प्रांत-वऱ्हाडकडून खेळला, मग महाराष्ट्राकडून, मग इंदूरला होळकर संघात. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात ओव्हलवर सरेविरुद्ध नऊ बाद २०५ असताना त्यानं शुटे बॅनर्जीसोबत शेवटच्या जोडीसाठी २४९ धावा जोडल्या. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाच्या दोघांचीही शतकं, असं प्रथम श्रेणीत पुन्हा झालं ते थेट २०२४ मध्ये. होळकर संघ म्हणजे त्या काळचं सिडनी : पैसा आणि हौस इंदूरच्या यशवंतरावांकडं, खेळाडू चहूकडून आणलेले. त्यांचा सेनापती सी. के. नायडू जन्मानं आणि जडणघडणीनं नागपूरचा. १९४५-४६ मध्ये होळकरनं रणजी जिंकली ती त्याच्या नेतृत्वाखाली. पहिल्या मैदानाचा नियम तेव्हा असता तर तो करंडक नागपूरला आला असता, असं मी म्हणत नाही. पण इंदूरला तो इतका सहज मिळाला नसता.

एवढं वाचून कुणी म्हणेल, पाहुण्यांना दारच बंद करा. माझं मत उलटं आहे. बाहेरच्या तीनपर्यंत खेळाडूंना राज्य संघात घेता येतं, म्हणून वासिम जाफर मुंबईहून विदर्भात आला आणि चाळिशी ओलांडून २०१८-१९ च्या मोसमात १०३७ धावा करून गेला. २०१७-१८ आणि २०१८-१९ या दोन्ही अजिंक्यपदांच्या वर्षी प्रशिक्षक चंद्रकांत पंडित, तेही मुंबईचेच. जिंकायचं कसं, हे विदर्भानं मुंबईच्या माणसांकडून शिकून घेतलं आणि फेब्रुवारी २०२५ च्या उपांत्य सामन्यात त्याच मुंबईला ८० धावांनी हरवलं. त्या सामन्यात पार्थ रेखडेनं एका षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे असे तिघे टिपले. त्याआधी मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईनं आपल्याला अंतिम सामन्यात १६९ धावांनी हरवलेलंच होतं.

म्हणून रणजी आहे तशी चालू द्यावी. ऑस्ट्रेलियातही क्लबांचा मोसम थांबत नाही. ज्याला जिथं पैसा आणि संधी मिळेल तिथं तो वर्षभर खेळतो, तीन सामन्यांपुरता पहिल्या मैदानाकडं येतो, आणि पुन्हा क्लबात जाऊन कालच्या शत्रूशेजारी कपडे बदलतो. क्वीन्सलँडकडून खेळणाऱ्या, पॅरामॅटा क्लबाच्या आर्थर बीटसननं १९८० मध्ये पॅरामॅटाच्याच मिक क्रोनिनला आडवा घातला, त्यात चव आली ती दोघं एकाच क्लबात होते म्हणून. या कल्पनेचं पितृत्वही क्वीन्सलँडचं नव्हे, हे जाता जाता सांगून ठेवतो. तीन वर्षं आधी, १९७७ मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियानं तिकडच्या फुटबॉलमध्ये हाच प्रयोग केला. त्याच वर्षी व्हिक्टोरियाकडून ६३ गुणांनी मार खाल्लेला त्यांचा संघ, बाहेर गेलेली पोरं परत आल्यावर ९४ गुणांनी जिंकला.

विदर्भ आणि मुंबईचा वार्षिक सामना सध्या डिसेंबरात नागपूरच्या विधानभवनात होतो आणि त्यात कोण कुणाच्या बाजूनं खेळतोय ते शेवटपर्यंत कळत नाही. त्यापेक्षा माझी योजना बरी : पहिला सामना जामठ्याला, दुसरा वानखेडेवर, तिसरा आलटून पालटून. कबड्डी आणि खो-खोत विदर्भ राष्ट्रीय स्पर्धेत वेगळा उतरतोच, त्यामुळं तिथंही हे जमेल.

माझा विदर्भ संघ बनवायला घेतला. नागपूरचा फैज फजल निवृत्त झाला असला तरी कर्णधार तोच, कारण २०१७-१८ मध्ये दिल्लीला इंदुरात हरवून आणलेला पहिला करंडक त्याच्या हातात होता. अकोल्याचा अथर्व तायडे, अमरावतीचा जितेश शर्मा, वर्ध्याचा दर्शन नळकांडे, वलनीचा उमेश, आणि आदित्य सरवटेलाही बोलावणं धाडलं. नावं पुढं लिहीत गेलो तेव्हा दिसलं की वैनगंगेच्या या बाजूचा माझ्या यादीत एकही नाही.

इथं नियमाची दुखरी बाजू कळते. पहिलं मैदान मोजायचं तर आधी मैदान असावं लागतं. बीटसन आला क्वीन्सलँडच्या आत दूर असलेल्या रोमा या छोट्या गावातून. पण त्या गावात खेळ होता, म्हणून त्याचं खातं रोमाच्या नावावर उघडलं. आपल्याकडं धान कापून झालं की बांधीत टेनिस बॉलच्या स्पर्धा रंगतात, पुढच्या पावसाळ्यात त्याच बांधीत रोवणी होते. त्यातून एखादा पोरगा चमकला तर तो १३० किलोमीटरवरच्या नागपूरला जातो, खोली घेऊन राहतो, आणि त्याच्या पहिल्या नोंदलेल्या सामन्यापुढं गावाचं नाव लागतं नागपूर. सिडनीनं क्वीन्सलँडचं केलं तेच नागपूर आपलं करतं, फक्त त्याची तक्रार आपण मुंबईच्या नावानं करत असतो. विदर्भ-मुंबईच्या आधी नागपूर विरुद्ध उरलेला विदर्भ असा सामना ठेवावा लागेल, असं मला आता वाटू लागलंय.

तेव्हा गुरुजी, रोहित मुंबईला देऊन टाका आणि बदल्यात एक काम करा. जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतल्या वाचकांना हीच विनंती. लेदर बॉलवर खेळणारा किंवा कबड्डीत पकड न सुटणारा तुमच्याकडचा पोरगा, नाहीतर पोरगी, कळवा. जन्मगाव नको, आडनावावरून अंदाज नको. पहिल्यांदा कुठल्या मैदानावर खेळला, ते मैदान आजही शाबूत आहे की तिथं गोदाम उभं राहिलंय, एवढं लिहा. पत्रं पुरेशी आली तर पुढचा भाग त्या मैदानांचा. मुंबईची यादी त्यानंतर.