शाळेची हद्द आणि संधीची समानता : एका किलोमीटरचा वाद

१. प्रास्ताविक

मागील घटकात आपण वैचारिक लेखनातील पक्ष आणि प्रतिपक्ष यांची मांडणी पाहिली. या घटकात एक प्रत्यक्ष सार्वजनिक वाद अभ्यासासाठी घेऊ. आपल्यापैकी अनेक जण पालक आहेत. त्यामुळे हा वाद आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत आलेला असण्याची शक्यता आहे. प्रश्न असा : मुलाने कोणत्या शाळेत शिकावे हे त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरावे काय? आणि ठरणार असेल, तर शाळेभोवतीची हद्द कोणाच्या हितासाठी आखावी?

डोंबिवली शहर डोळ्यांसमोर आणा. एकाच रस्त्यावर महापालिकेची प्राथमिक शाळा, जुन्या शिक्षणसंस्थेची अनुदानित मराठी शाळा आणि इंग्रजी माध्यमाची विनाअनुदानित शाळा असते. तिन्ही शाळांतील अंतर चालत दहा मिनिटांचे, पण त्यांत शिकणाऱ्या मुलांच्या घरांतील अंतर मात्र त्याहून कितीतरी मोठे. हे दुसरे अंतर कमी करण्याचे काम शाळेने करावे की नाही, हा या वादाचा गाभा आहे.

२. शेजारशाळेची संकल्पना

डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने १९६६ मध्ये आपला अहवाल सादर केला. कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. एका परिसरातील सर्व मुलांनी, त्यांची जात, धर्म वा आर्थिक स्थिती कोणतीही असो, त्याच परिसरातील सामाईक शाळेत शिकावे, असा विचार आयोगाने मांडला. यात दोन हेतू होते. गरीब मुलाला चांगली शाळा मिळावी हा पहिला. दुसराही तितकाच महत्त्वाचा होता : सुस्थितीतील पालकांचे मूल त्याच शाळेत असेल, तर ती शाळा चांगली राहावी यासाठी ते पालक झटतील.

हा विचार प्रत्यक्षात आला नाही. ज्यांना शक्य होते ते पालक सार्वजनिक शाळांतून बाहेर पडले आणि मागे राहिलेल्या पालकांचा आवाज क्षीण झाला. पुढे २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षे वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. त्यासाठीचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. या कायद्याने सर्वांसाठी एकच शाळा सांगितली नाही. मात्र खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात, असे कलम १२ मध्ये नमूद केले. या मुलांच्या खर्चाची ठरावीक प्रतिपूर्ती शासनाने करायची आहे. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा तेव्हाच तिच्या कक्षेबाहेर राहिल्या आणि २०१४ च्या निर्णयाने सर्वच अल्पसंख्याक शाळांना कायद्यातून सूट मिळाली.

३. अंतराचा नियम आणि त्याची उलटापालट

महाराष्ट्राच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर हा शाळेचा परिसर मानला जातो. २५ टक्के जागांसाठी ऑनलाइन अर्ज मागवले जातात आणि सोडत काढली जाते. जवळ राहणाऱ्या मुलाला प्राधान्य मिळते. येथे अंतर मुलाच्या बाजूने उभे आहे : ‘तू जवळ राहतोस, म्हणून तुझा हक्क आधी.’

९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने या नियमांत बदल केला. ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या १ किलोमीटरच्या परिघात शासकीय किंवा अनुदानित शाळा असेल, त्या शाळेला २५ टक्के प्रवेशाच्या बंधनातून वगळण्यात आले. असाच बदल कर्नाटकाने २०१९ मध्ये केला होता.

अंतर तेच, पण त्याचा अर्थ मात्र उलटला. आधी ते दार उघडत होते, आता ते दार बंद करू लागले. डोंबिवलीसारख्या दाट वस्तीच्या शहरात याचा परिणाम काय होईल, हे आपण स्वतःच मोजून पाहू शकता. आपल्या माहितीतील एखादी खासगी शाळा घ्या आणि तिच्यापासून १ किलोमीटरच्या आत महापालिकेची वा अनुदानित शाळा नाही, असे ठिकाण शोधा. ते क्वचितच सापडेल. म्हणजे शब्दांत अपवाद असलेली तरतूद शहरात नियमच ठरते.

४. पक्ष आणि प्रतिपक्ष

बदलाच्या समर्थकांचे म्हणणे सहज बाजूला सारण्याजोगे नाही. शेजारी शासकीय शाळा असताना त्याच मुलासाठी खासगी शाळेला प्रतिपूर्ती देणे हा सार्वजनिक पैशाचा दुहेरी खर्च आहे. शिवाय जागरूक गरीब पालकही खासगी शाळेकडे वळले की महापालिकेच्या वर्गातील पट आणखी घटतो. प्रतिपूर्तीची रक्कम वेळेवर मिळत नाही, ही संस्थाचालकांची तक्रारही जुनी आहे.

विरोधकांचे उत्तर असे : कायद्यातील २५ टक्क्यांचे बंधन ‘जवळ दुसरी शाळा नसेल तर’ अशा अटीला बांधलेले नाही. केवळ शाळेची उणीव भरून काढणे एवढाच त्याचा हेतू नाही. वेगवेगळ्या घरांतील मुलांनी एका बाकावर बसावे, हाही आहे. अधिनियमात नसलेली सूट नियमांद्वारे देता येत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२४ रोजी या बदलाला स्थगिती दिली. त्यानंतर अर्ज नव्याने मागवावे लागले. १९ जुलै २०२४ रोजी न्यायालयाने हा बदल रद्द ठरवला आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या निर्णयात हस्तक्षेप केला नाही.

५. पालकांची अनुकूलता

न्यायालयाचा निर्णय झाला, म्हणून न्यायाचा प्रश्न संपला असे मात्र समजू नये. जुना नियमही सर्वांना सारखा लागू पडत नाही. कल्पना करा, एक कुटुंब स्वतःच्या सदनिकेत राहते. दुसरे भाड्याच्या खोलीत राहते. आई घरकाम करते, वडील औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर आहेत. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार नोंदणीकृत असावा लागतो. घरमालक नोंदणीला तयार नसेल, तर दुसऱ्या कुटुंबाचे मूल शाळेसमोर राहूनही कागदावर ‘शेजारी’ ठरत नाही. जातीचा वा उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळवणे, अर्जाची मुदत लक्षात ठेवणे, नकाशावर घराचे स्थान अचूक नोंदवणे, यांसाठी लागणारी माहिती आणि सवड हीदेखील एक प्रकारची संपत्तीच आहे.

भूगोलही तटस्थ नसतो. रेल्वेमार्गाने डोंबिवलीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत. नकाशावर सरळ रेषेत जवळ दिसणारी शाळा रुळांपलीकडे असेल, तर सहा वर्षांच्या मुलाला पादचारी पूल चढून-उतरून किंवा उड्डाणपुलाचा वळसा घेऊन जावे लागते.

परदेशातही हा प्रश्न आहे. इंग्लंडमध्ये चांगल्या शाळेच्या हद्दीतील घरे महाग होतात. म्हणजे पालक शुल्काऐवजी घराच्या किमतीतून शाळा विकत घेतात. ब्रायटन शहराने २००८ च्या प्रवेशांपासून जादा अर्ज आलेल्या शाळांसाठी सोडत सुरू केली. परंतु सोडत हद्दीच्या आतच होत असल्याने हद्द कोठे आखली, हे निर्णायकच राहिले.

६. समारोप

आपल्या मुलासाठी चांगली शाळा शोधणारा पालक दोषी नाही. पण जी व्यवस्था अशा शोधावरच सारे सोपवते, ती शोधण्याचे बळ नसलेल्यांच्या मुलांना मागे ठेवते. म्हणून कोणत्याही हद्दीची कसोटी एकच : ती कोणासाठी दार उघडते आणि कोणासाठी बंद करते? ‘अंतर’ हा मोजमापाचा शब्द आहे. ‘शेजार’ हा नात्याचा. कायद्याला किलोमीटर मोजावेच लागतात, परंतु ते शेजार निर्माण करण्यासाठी मोजायचे आहेत, याचे भान सुटले की नियम उरतो आणि हेतू हरवतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. २०२४ च्या बदलामुळे अंतराच्या नियमाचा अर्थ कसा पालटला, ते स्पष्ट करा.
२. बदलाच्या समर्थकांचा आपणांस सर्वांत सबळ वाटणारा मुद्दा निवडा आणि त्याला उत्तर द्या.
३. आपल्या घरापासून १ किलोमीटरच्या आतील शाळांची यादी करा. आपल्या मुलासाठी वा शेजारच्या मुलासाठी त्यांपैकी कोणत्या शाळेचे दार खरोखर उघडे आहे आणि का, यावर दीडशे शब्दांत लिहा.