वाकलेली बोटे : रोग एक, संशय दुसराच

अनामिका व करंगळी तळव्याकडे झुकलेली, ताणूनही सरळ न होणारी, असा हात दृष्टीस पडला की आपल्याकडे पाहणाऱ्याच्या मनात पहिली शंका येते ती कुष्ठरोगाची. ती कोणी बोलून दाखवीत नाही. पंगतीतील जागा मात्र हळूच बदलली जाते. परंतु हाताला असेच रूप देणारा एक अगदी निराळा विकार आहे. तो सांसर्गिक नाही. तो बहुधा घराण्यातून येतो.

तळहाताच्या कातडीखाली तंतूंचा एक चिवट पडदा असतो. त्याने कातडी घट्ट धरून ठेवलेली असते, म्हणूनच वस्तू मुठीत निसटत नाही. या विकारात तो पडदा जाड होऊ लागतो. प्रथम अनामिकेच्या मुळाशी एक लहान गाठ लागते, पुढे तिची ताठ दोरी बनते आणि काही वर्षांत ती बोटाला आत ओढते. वेदना सहसा नसतात. म्हणूनच दुर्लक्ष होते. दोष बोटांच्या कंडरांत आहे, अशी पूर्वी समजूत होती. फ्रेंच शल्यविशारद गियोम द्युपुइत्रां यांनी १८३१ साली पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात शस्त्रक्रिया करून खरे स्थान या पडद्यात असल्याचे व्याख्यानातून मांडले, आणि विकाराला त्यांचे नाव मिळाले.

उत्तर युरोपीय वंशाच्या, पन्नाशी उलटलेल्या पुरुषांत तो विशेष आढळतो; भारतात क्वचित. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात त्याच्याशी निगडित ६१ जनुकीय भेद दिसून आले. त्यांपैकी ३ निअँडरथल या लुप्त मानवजातीकडून आलेले आहेत. मधुमेह, मद्यपान आणि धूम्रपान यांचाही त्याच्याशी संबंध आढळतो.

परीक्षा सोपी आहे. तळहात मेजावर उपडा ठेवावा. तो सपाट टेकत नसेल तर शल्यचिकित्सकाचा सल्ला घ्यावा. तेल चोळून किंवा बळेच ताणून ती दोरी सैल होत नाही. सुईने ती तोडतात, अथवा शस्त्रक्रियेने काढतात. बोट बरेच सरळ होते, मात्र काही वर्षांनी विकार पुन्हा उद्भवू शकतो.

कुष्ठरोगात बोटे वाकतात ती मज्जातंतूला इजा झाल्यामुळे. तेथे कातडी बधिर होते, तापल्या भांड्याचा चटका कळत नाही, आणि तळव्यात अशी दोरी नसते. ही चिन्हे दिसल्यास विलंब न करता दवाखाना गाठावा. कारण ६ ते १२ महिन्यांच्या बहुऔषधी उपचाराने तो रोगही बरा होतो, आणि उपचार वेळेवर झाल्यास बोटे वाकण्याचे टळते. हे औषध सरकारी दवाखान्यांत मोफत मिळते.

म्हणजे वाकलेल्या बोटांचे कारण पहिले असो वा दुसरे, त्या माणसाला वैद्याची गरज आहे. पंगतीतून उठण्याचे कारण कोणालाच नाही.