मांजराचा मधुमेह

मधुमेह मनुष्यासच होतो अशी पुष्कळांची समजूत असते; परंतु तो मांजरासही होतो, व त्यासही इन्शुलिन बहुधा दिवसांतून दोन वेळां टोंचावें लागतें. मात्र केवळ घड्याळ पाहून टोंचणें घातक होय. आमच्या मधुमेही मनीनें एके सकाळीं अन्नास तोंड लावलें नाहीं. सूनबाईंनीं कानाच्या कडेचा रक्तबिंदु घेऊन साखर मोजली, तों दर डेसिलिटरमागें अवघी ५८ मिलिग्रॅम! त्या वेळीं इन्शुलिन दिलें असतें तर प्राणावर बेततें. हिरड्यांस मध चोळून तिला तत्काळ पशुवैद्यांकडे नेलें. उलट, भीतीनेंही मांजराची साखर चढते. म्हणून एका आंकड्यावरून मात्रा वाढवूं नये. आधीं मोजावें, मग टोंचावें. फेरबदल पशुवैद्यांच्या सल्ल्यानेंच करावा.