पानातील खिडकी

संकेतस्थळाच्या पानावर चित्रफीत दिसली, की ती त्या पानातच साठविलेली आहे असे आपणांस वाटते. पुष्कळदा तसे नसते. २००५ साली सुरू झालेल्या यूट्यूबचेच पाहा. चित्रफीत यूट्यूबच्या संगणकांतच राहते; पान रचणारा एक सांकेतिक ओळ लिहून तिच्याकडे उघडणारी खिडकी तेवढी बसवितो. खिडकीची रुंदी ५६० पिक्सेल व उंची ३१५ पिक्सेल असावी, चित्र ९० व्या सेकंदापासून सुरू व्हावे, हेही त्या ओळीतच सांगता येते. सोय मोठी खरी! परंतु मूळ मालकाने चित्रफीत काढून टाकली, की ती जेथे जेथे बसविली होती, तेथील सर्व खिडक्या एकदमच अंधारतात. म्हणून विचारी लेखक खिडकीखाली चित्रफितीचे नाव आणि तिचा सारांश दोन ओळींत लिहून ठेवतो.