आजोबांची वर्दी पुतळ्यावर चढवताय? आधी पुतळा नीट रंगवा, मगच वर्दीला हात लावा

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे (मिलिटरी) या एकाच गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. आपल्या भागात अशी फौजी परंपरेची गावं बरीच आहेत. कुणाच्या ट्रंकेत पणजोबांचा खाकी कोट असतो, कुणाकडे पायाला गुंडाळायच्या पट्ट्या, कुणाकडे नुसती पितळी बटणं. आता २६ जानेवारीला किंवा यात्रेच्या वेळी शाळेत, ग्रामपंचायतीत हे सामान मांडायची हौस वाढलीय. चांगलीच गोष्ट आहे.

पण होतं काय, कापडदुकानातला जुना पुतळा आणतात आणि त्याला थेट वर्दी चढवतात. चकचकीत पांढरा चेहरा, मान तिरकी, हात कमरेवर. लोक वर्दी बघायच्या ऐवजी पुतळ्याला हसतात. शिवाय दुकानातला पुतळा साधारण सहा फुटी असतो आणि छाती फुगलेली. त्या काळचे बहुतेक जवान त्यापेक्षा बुटके, सडपातळ. घट्ट कोट ओढून बसवला की शंभर वर्षांची शिवण तिथल्या तिथे उसवते, आणि ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. म्हणून नियम एकच: वर्दी पुतळ्याच्या मापाची करायची नाही, पुतळा वर्दीपेक्षा लहान घ्यायचा. मोकळी जागा राहिली तर उशीत भरतात तो पॉलिस्टरचा कापूस भरा. गादीचा फोम नको, तो काही वर्षांत चिकट भुगा होतो.

आता रंगाचं.

बहुतेक पुतळे फायबरचे असतात. आधी साबणाच्या पाण्यानं धुवा, हाताचं तेल गेलं पाहिजे. मग २२० आणि नंतर ४०० नंबरच्या वॉटर पेपरनं पाणी लावून घासा, चकाकी जाईपर्यंत. हे काम अंगणात, तोंडाला मास्क लावून. फायबरची धूळ छातीत जाणं वाईट, पोरांना लांब ठेवा. चिरा असतील तर एम-सीलनं बुजवा, वाळलं की घासा, वर प्रायमरचा पातळ हात द्या.

ऑइलपेंट वापरू नका. एक तर तो चमकतो, दुसरं म्हणजे वाळताना आठवडेच्या आठवडे त्यातून वाफ निघते, ती कापडाला आणि बटणांना बाधते. पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग घ्या. स्टेशनरीच्या दुकानात बर्न्ट सिएना, यलो ऑकर, पांढरा, लाल आणि निळा अशा पाच ट्यूब मिळाल्या की भागतं. शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना ही नावं पाठ असतात. पहिल्या दोनांत थोडा पांढरा मिसळला की आपल्याकडच्या कातडीचा पाया मिळतो. गडद करायचं तर काळा नको, काळ्यानं चेहरा मेल्यासारखा दिसतो. निळ्याचा थेंब टाका.

खरी गंमत पुढे आहे. माणसाचा चेहरा एका रंगाचा नसतोच. कपाळ जरा पिवळसर, नाक-गाल-कान तांबूस, आणि दाढीची जागा राखाडी-निळसर. हे तीन पट्टे अगदी पातळ रंगानं, ओल्या स्पंजनं टिपत टिपत चढवा. कडा दिसता कामा नयेत. शंका आली तर रानात काम करणाऱ्या कुठल्याही काकांना टोपी काढायला सांगा. टोपीखालचं कपाळ उजळ, खालचा चेहरा रापलेला. पागोटं बांधणाऱ्या शिपायाचंही तसंच. कॉलरच्या आत मान उजळ, बोटांची पेरं गडद, तळहात फिकट. एवढं केलं की पुतळा माणूस वाटायला लागतो.

हे काम गावातला गणपती रंगवणारा कारागीर उत्तम करील, त्याचा हात बसलेला असतो. फक्त त्याला आधीच सांगा की डोळ्यांची आखणी देवासारखी नको. देवाचे डोळे मोठे, टपोरे, तेजस्वी असतात. शिपायाचे डोळे उन्हात बारीक झालेले. पांढरा भाग शुभ्र न ठेवता किंचित राखाडी करायचा, वरच्या पापणीखाली सावलीची रेघ द्यायची. शेवटी सगळ्या चेहऱ्यावर मॅट वॉर्निश, चमक फक्त बुबुळावर एक टिपका. मिशी रंगानं काढू नका, कार्टून होतं. नाटकवाल्यांकडून चिकटवायची मिशी आणा.

चेहरा कुठल्या काळचा आणि कुठल्या आघाडीवरचा, हेही बघावं. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या आणि तिथे जवानांची उपासमार झाली. त्या आघाडीवरच्या शिपायाला गोबरे गाल रंगवले तर ते खोटं आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा जवानांच्या अंगावर हिवाळ्यात जाड लोकरी वर्दी होती. तिच्यावर आजच्या दुकानातला पट्टा लावू नका. नसेल तर नसू दे.

रंग हाताला कोरडा लागला तरी लगेच वर्दी चढवायची नाही. पुतळा तीन-चार आठवडे हवेशीर जागी उभा ठेवा. मग धडावर आणि हातांवर धुतलेलं, खळ गेलेलं साधं सुती कापड शिवा, म्हणजे रंग आणि जुनं कापड एकमेकांना लागणार नाही. हात सुटे होत असतील तर काढून ठेवा, आधी बाहीत घाला, नंतर खांद्याला बसवा. टाचण्या नकोत.

वर्दी धुणं, खळ देणं, कडक इस्त्री करणं, हे तिन्ही टाळा. बटणं कोटावर असताना ब्रासो लावला की कापडावर पांढरे डाग पडतात, ते निघत नाहीत. डांबर गोळ्या कापडाला चिकटून ठेवू नका. खिडकीजवळ पुतळा उभा करू नका, उन्हानं खाकी उडते आणि धागा कुजतो. संग्रहालयात अशा कापडावर ५० लक्सच्या आसपास, म्हणजे अगदी मंद उजेड ठेवतात. कार्यक्रम झाला की वर्दी उतरवून पांढऱ्या सुती कापडात सैल गुंडाळून ठेवा, घड्यांच्या आत कापडाचेच बोळे घाला. पुतळा खुशाल वर्षभर उभा राहू दे.