फर्माभर कविता

दौंड तालुक्यातलं केडगाव म्हटलं की पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आठवतं. तिथल्या छापखान्याची आठवण मात्र फारशी निघत नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मिशनमधल्या बायका-मुली तिथे खिळे जुळवायच्या, छपाई करायच्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर याच छापखान्यातून निघालं. १९२२ साली त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. लिहिण्यापासून छापण्यापर्यंत सगळं एकाच आवारात.

कवितेच्या छोट्या प्रकाशनांची जातकुळी हीच.

दौंडला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यातली जेजुरी इंग्रजी कवितेत पोचली तीही अशाच वाटेनं. १९७६ साली अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या कवींनी ‘क्लिअरिंग हाउस’ नावानं आपली पुस्तकं आपणच काढली. कोलटकरांचं ‘जेजुरी’ त्यातलंच. पुढच्याच वर्षी या पुस्तकाला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला.

त्याच सुमारास अशोक शहाणे यांच्या ‘प्रास प्रकाशना’नं ‘अरुण कोलटकरच्या कविता’ काढलं. शहाणे आणि कोलटकर या दोघांची पाळंमुळं पन्नास-साठच्या दशकांतल्या अनियतकालिकांत होती. कोलटकर आणि दिलीप चित्रे ज्यात होते ते ‘शब्द’ तर सायक्लोस्टाइल करून वाटलं जायचं. नाव झाल्यावरही कोलटकरांनी ‘प्रास’ सोडलं नाही. २००३ची ‘भिजकी वही’ तिथलीच. तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आज शिरूर-दौंडसारख्या तालुक्यांतल्या कवीला छपाईची फार धास्ती नाही. कागद दोन्ही बाजूंनी छापून तीनदा दुमडला की सोळा पानांचा फर्मा होतो. दोन फर्मे, मधोमध पिना, वर जाडसर कव्हर, की बत्तीस पानी पुस्तिका तयार. थोडी पदरमोड केली की शे-दोनशे प्रती निघतात. कविसंमेलनात त्या हातोहात जातात, पण दुकानांपर्यंत क्वचितच पोचतात.

खरी उणीव संपादकाची. पैसे घेऊन छापणारा कवीला ‘ही कविता काढून टाक’ असं सांगत नाही. शहाण्यांसारखा प्रकाशक सांगू शकतो. छोट्या प्रकाशनाचं मोल मला तिथे वाटतं. आणि तालुक्याच्या वाचनालयांनी अशा प्रत्येक पुस्तिकेच्या दोन प्रती विकत घेऊन नोंदवून ठेवल्या, तर इथल्या कवितेचा माग पुढच्या वाचकाला काढता येईल.