‘वय झालें’ म्हणण्यापूर्वीं

भिवंडी शहरांत यंत्रमागांचा खडखडाट रात्रींही थांबत नाहीं. ताण्याचा एखादा धागा तुटला तर घाईंत तो दोष सहज नजरेआड होतो. तसे अनेक धागे तुटले म्हणजे मात्र कापडाचा पोत बिघडलेला दिसूं लागतो. मेंदूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या विकाराची रीत थोडीफार अशीच आहे.

घरांतील वडीलधारें माणूस पाय घासत चालूं लागतें. वाण्याचा हिशेब तपासावयास त्याला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो, स्वभाव उदास होतो, लघवीची घाई आवरत नाहीं. घरचीं माणसें म्हणतात, वय झालें! हा निर्वाळा वैद्यकीय तपासणीपूर्वींच दिला जातो, ही खरी हानि.

मेंदूचें वजन शरीराच्या वजनाच्या शेंकडा 2 च्या आसपास. परंतु प्राणवायूचा सुमारें शेंकडा 20 वाटा तो एकटा घेतो. हा पुरवठा खोल भागांत नेणाऱ्या धमन्या एक मिलिमीटरहूनही बारीक असतात. त्यांपैकीं कित्येक मोठ्या धमनीलाच काटकोनांत फुटलेल्या असल्यामुळें तेथील दाबाचा मोठा भार त्यांना सोसावा लागतो. शिवाय एक बुजली तर शेजारची तिच्या मदतीस फारशी येऊं शकत नाहीं. वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षें तसाच राहिला म्हणजे या धमन्यांच्या भिंती जाड व ताठर होतात. मग मेंदूच्या एका भागाचा निरोप दुसऱ्यास पोंचविणाऱ्या तंतूंची उपासमार होते, आणि कोठें कोठें 3 ते 15 मिलिमीटरचीं विवरें पडतात. एम्. आर्. आय्. तपासणींत तीं दिसतात. रुग्णाला मात्र पुष्कळदां त्यांची वार्ताही नसते.

कधीं हाच विकार अर्धांगाच्या रूपानें अकस्मात प्रकट होतो. रक्तप्रवाह अडून येणाऱ्या झटक्यांपैकीं सुमारें चतुर्थांश या लहान धमन्यांचे असतात. भिवंडीहून जवळच असलेल्या मुंबईंत डॉ. पी. एम्. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2005 व 2006 या दोन वर्षांत सुमारें 1 लक्ष 57 हजार वस्तीची पाहणी केली. तींत सर्व प्रकारचे मिळून 456 जणांना पहिलाच झटका आल्याचें आढळलें.

वय कोणाला टाळतां येत नाहीं. रक्तदाबाचें तसें नाहीं. त्याच्या जोडीला मधुमेह, धूम्रपान, मूत्रपिंडाचा विकार, बैठें जीवन, आणि झोपेंत घोरतां घोरतां श्वास अडणें हीं कारणें येतात. मिश्री व चुना-तंबाखूनेंही रक्तदाब चढतो, ही गोष्ट सुशिक्षित घरांतही विसरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढानें दिवसाकांठीं 5 ग्रॅमहून कमी मीठ खावें. लोणचें-पापडांतील मीठ त्यांतच धरावयाचें, अर्थातच!

वरचा दाब 140 च्या खालीं ठेवणें पुरे, कीं 120 च्या खालीं आणावा, याचा कस अमेरिकेंतील ‘स्प्रिंट’ नांवाच्या प्रयोगांत लागला. 2019 सालीं प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणें कमी दाबाच्या गटांत मेंदूंतील तंतूंची हानि हळू वाढली. तथापि ती थांबली नाहीं. आणि वृद्धांस दाब फार उतरल्यास भोंवळ येते, म्हणून औषधाचें प्रमाण डॉक्टरांनींच ठरवावें.

घरीं रक्तदाब मोजतांना अर्धा तास आधीं चहा वा तंबाखू घेऊं नये. पांच मिनिटें पाठ टेकून स्वस्थ बसावें, दंडावरील पट्टा हृदयाच्या पातळीवर असावा, आणि मिनिटभराच्या अंतरानें दोनदां मोजून दोन्ही आंकडे तारखेसह वहींत लिहावे.